‘जात’, ‘वाण’ आणि शुद्धतेची कल्पना : सांगली जिल्ह्यातील पाळीव पशू व पिकांच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

पशुसंवर्धन व कृषिविषयक मराठी लेखनात ‘जात’ हा शब्द सर्रास वापरला जातो. खिलार ही गुरांची जात, माडग्याळ ही मेंढीची जात, तास-ए-गणेश ही द्राक्षाची जात असे आपण सहज म्हणतो. जीवशास्त्राच्या परिभाषेत मात्र ‘जाती’ या संज्ञेचा अर्थ निराळा आहे. या अर्थाने खिलार आणि गीर या दोन्ही एकाच जातीच्या गाई ठरतात. समाजव्यवहारात तर ‘जात’ म्हणजे जन्माने चिकटलेले, बदलता न येणारे स्थान. या तीन अर्थांची सरमिसळ झाल्यामुळे जनावराची जात म्हणजे रक्ताची शुद्धता, असा समज रूढ झाला आहे. प्रस्तुत लेखात सांगली जिल्ह्यातील तीन उदाहरणांच्या आधारे या समजाची चिकित्सा केली आहे.

१. व्याख्येचा प्रश्न

शुद्धतेची ही कल्पना वाटते तितकी प्राचीन नाही. इंग्लंडमध्ये शर्यतीच्या घोड्यांची वंशनोंदवही १७९१ मध्ये आणि शॉर्टहॉर्न गुरांची नोंदवही १८२२ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्याचे आईबाप वहीत आहेत तेच जनावर जातिवंत, हा निकष अशा नोंदवह्यांमुळे दृढ झाला. आपल्याकडील धनगर अथवा शेतकरी अशी वही ठेवत नव्हता. तो वळू निवडत होता आणि उरलेले खोंड खच्ची करून कामाला लावत होता. जात घडत होती ती या निवडीतून.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने स्वीकारलेली व्याख्या या दृष्टीने उद्बोधक आहे. तिचा पहिला भाग ओळखता येण्याजोग्या बाह्य लक्षणांवर भर देतो. दुसरा भाग मात्र भौगोलिक वा सांस्कृतिक वेगळेपणामुळे ज्या समूहाची स्वतंत्र ओळख मान्य झाली आहे, त्यालाही जात मानतो. म्हणजेच जातीच्या अस्तित्वात पाळणाऱ्यांच्या संमतीचा वाटा असतो. आपल्या वर्णनग्रंथांत पहिल्या भागाचा विस्तार आढळतो. दुसऱ्याची बव्हंशी उपेक्षा झालेली दिसते.

२. खिलार : कामातून घडलेली जात

खिलार गुरांचे चार प्रकार ग्रंथांतून सांगितले जातात : हणम अथवा आटपाडी महाल, म्हसवड, तापी खोऱ्यातील थिल्लारी आणि नकली. ही नावेच पुरेशी बोलकी आहेत. ‘आटपाडी महाल’ हे औंध संस्थानातील प्रशासकीय विभागाचे नाव. संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले, तरी बैलाच्या अंगावर ते टिकून राहिले. ‘थिल्लारी’ हे पाळणाऱ्या समाजाचे नाव, तर ‘म्हसवड’ हे गावाचे. ‘नकली’ या चौथ्या नावाने तर शुद्धतेच्या आग्रहाचे हसेच केले आहे. जी नक्कल आहे तीही जातीच्या यादीत मान्य झाली. शिवाय खिलारचे मूळ म्हैसूरकडील हळ्ळीकार गटाशी जोडले जाते. तेव्हा मूळ शुद्ध खिलार शोधू जाता हाती मिश्रणच लागते.

मग खिलार कशाने खिलार ठरते? कमी चाऱ्यावर, उन्हात, लांब पल्ल्याची चाल आणि ओढकाम यांसाठी माणदेशाने केलेल्या निवडीने. तिची गाय दूध बेताचे देते हा तिचा दोष नव्हे. दुधासाठी तिची निवड झालीच नव्हती. ट्रॅक्टर आल्यावर मात्र हे काम आटत गेले. शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने बंदी आली. डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरविला. शर्यतीमुळे खोंडाला किंमत आली हे खरे. परंतु काही क्षणांचा वेग हा दिवसभराच्या औताचा पर्याय नव्हे. उद्या केवळ वेगासाठी निवड होत राहिली, तर शिंगे, रंग आणि नाव तेच राहील, जात मात्र दुसरी झालेली असेल.

३. माडग्याळ : नाक की उपजीविका?

कामाऐवजी बाह्य लक्षणालाच मोल आले म्हणजे काय घडते, हे जत तालुक्यातील माडग्याळच्या मेंढीवरून दिसते. ही मेंढी दीर्घकाळ दख्खनी मेंढीचा एक प्रकार म्हणून गणली गेली. दख्खनीची ओळख घोंगडीच्या काळ्या, भरड लोकरीशी निगडित आहे. उलट माडग्याळ मेंढी पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके असलेली, उंच, मांसासाठी पाळली जाणारी आणि लोकरीच्या दृष्टीने नगण्य. वर्गीकरण आणि वापर यांतील ही विसंगती लक्षणीय आहे.

आज या मेंढीची प्रतिष्ठा तिच्या बाकदार नाकात सामावली आहे. आटपाडी तालुक्यातील एका मेंढपाळाने आपल्या मेंढ्यासाठी आलेली ७० लाख रुपयांची मागणी नाकारल्याचे वृत्त डिसेंबर २०२० मध्ये देशभर प्रसिद्ध झाले. ही किंमत मांसाची नव्हे, वंशाची आणि रूपाची आहे. लहान मेंढपाळाला असा मेंढा परवडणारा नाही. ज्यांच्या निवडीतून जात घडली तेच तिच्या बाजारातून बाहेर पडण्याचा धोका येथे संभवतो.

४. तास-ए-गणेश : एकसारखेपणाची मर्यादा

पिकांच्या बाबतीत ‘वाण’ हा शब्द अधिक नेमका आहे. तासगाव तालुक्यातील बोरगावचे द्राक्षबागायतदार वसंतराव आर्वे यांनी थॉम्पसन सीडलेस या वाणातून तास-ए-गणेश निवडला. द्राक्षाची अभिवृद्धी काडीपासून होत असल्याने या वाणाची प्रत्येक वेल मूळ वेलीचीच प्रत असते. एकसारखेपणा हा निकष येथे अर्थपूर्ण ठरतो. तथापि डॉगरीज खुंटावर कलम केलेली वेल मुळाशी एका वंशाची व शेंड्याला दुसऱ्या वंशाची असते, हेही विसरता येत नाही.

वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ नव्या वाणासाठी नवेपणा, वेगळेपणा, एकसारखेपणा आणि स्थैर्य यांची अपेक्षा करतो. काडीवर वाढणाऱ्या द्राक्षाला शोभणारे एकसारखेपणाचे हे माप कळपाला लावणे मात्र गैर होय. कळपातील विविधता हा त्याचा दोष नसून दुष्काळातील आधार असतो.

निष्कर्ष

१) पाळीव पशूंची जात ही निसर्गदत्त वस्तू नसून माणूस, प्रदेश आणि काम यांच्या दीर्घ संबंधाचे फलित आहे.

२) बाह्य लक्षणांचे जतन म्हणजे जातीचे जतन नव्हे. जातीला काम आणि पाळणाऱ्याला उत्पन्न राहिले तरच ती टिकते. नोंदणी करताना पाळणारा समाज व त्याची निवडपद्धती यांचीही नोंद व्हावी.

३) अध्यापनात ‘जाती’, ‘जात’ आणि ‘वाण’ या संज्ञा काटेकोरपणे वेगळ्या ठेवाव्यात. वंशशुद्धी व सुप्रजननशास्त्र यांच्या आधारे केले जाणारे जातिव्यवस्थेचे समर्थन डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ (१९३६) मध्ये खोडून काढले. खिलार आणि माडग्याळ यांची उदाहरणे पाहता, जी शुद्धता जनावरांतही सापडत नाही तिचा दाखला माणसांसाठी देणे सर्वथा निराधार ठरते.