टॅब, टप्पा आणि परतवाट : ‘ई-पीक पाहणी’च्या निमित्ताने मोबाइल ॲपमधील पडद्यांच्या मांडणीची समीक्षा

सारांश : मोबाइल ॲपमधील टॅबबद्ध पडदे व त्यांतील ये-जा हा केवळ संगणकशास्त्राचा विषय मानला जातो. प्रस्तुत लेखात या मांडणीकडे भाषिक रचना म्हणून पाहण्याचा प्रयत्न केला आहे. वऱ्हाडातील शेतकरी ज्या ॲपद्वारे आपल्या पिकाची शासकीय नोंद करतो, त्या ‘ई-पीक पाहणी’चा त्यासाठी आधार घेतला आहे.

बीजसंज्ञा : टॅब, टप्पा, अवस्था, परतवाट, अभिप्रेत वाचक, गाव नमुना १२.

१. प्रास्ताविक

समीक्षेचा विषय छापील ग्रंथच असावा असा आपला समज आहे. परंतु अमरावती व अकोला जिल्ह्यांतील सामान्य माणूस आज ज्या मराठी मजकुराशी सर्वाधिक वेळा झुंजतो, तो मजकूर कथा-कवितेचा नसून मोबाइलच्या पडद्यावरील आहे. त्यात वाक्ये थोडी असतात. अर्थ मुख्यत्वे मांडणीतून येतो : कोणता पडदा कोणत्या शेजारी आहे, एकावरून दुसऱ्यावर कसे जायचे आणि परत कसे यायचे. हा मजकूर चुकीचा वाचला गेला तर परीक्षेत गुण कमी होत नाहीत. पिकाची नोंद राहून जाते. म्हणूनच त्याची समीक्षा होणे आवश्यक वाटते.

या विषयाकडे वळण्याचे निमित्त अगदी साधे होते. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण एका ॲपमध्ये भरत असताना लेखी परीक्षेचा टॅब अर्धा भरून प्रस्तुत लेखक प्रात्यक्षिकाच्या टॅबवर गेला व परतला, तेव्हा आधीचे सर्व रकाने रिकामे झाले होते. वर्गात हा अनुभव सांगताच एका विद्यार्थ्याने वऱ्हाडीत तो एका वाक्यात बसवला : “सर, मांगं गेलं का भरेल सारं पुसते.” प्राध्यापकाला गुण पुन्हा भरता येतात; कार्यालयात बसून, चहा घेत. शेताच्या धुऱ्यावर उभे राहून पडदा चाचपणाऱ्या माणसाला ती सवड असतेच असे नाही.

२. टॅब : संकल्पना व पूर्वपीठिका

टॅब ही कल्पना मूळची कागदाची आहे. अमेरिकेत १८९७ साली जेम्स न्यूटन गन यांना वरच्या कडेला जीभ असलेल्या निर्देशपत्रांचे पेटंट मिळाले. आपल्याकडील दुकानांत व कचेऱ्यांत काठ कापून अक्षरे लावलेल्या नोंदवह्या असत, त्यांचे तत्त्वही तेच. ‘क’चे पान उघडले म्हणून ‘म’च्या पानावरील नोंद पुसली जात नाही. सर्व पाने एकाच वेळी अस्तित्वात असतात. आपण फक्त नजर हलवतो. टॅबचे हे मूळ वचन आहे.

मोबाइलमध्ये हे वचन सर्वत्र सारखे पाळले गेले नाही. ॲपलने २००८ मध्ये आयफोनसाठी बाहेरच्या विकासकांना साधने खुली केली, तेव्हापासून पडद्याच्या तळाशी टॅबची पट्टी देण्याची सोय त्यांत होती आणि प्रत्येक टॅब आपापली वाट स्वतंत्रपणे लक्षात ठेवत असे. अँड्रॉइडवर प्रारंभी टॅब वरच्या बाजूस असत. तळपट्टीचा अंतर्भाव गूगलच्या रचनासूत्रांत २०१६ साली झाला आणि तीन ते पाच ठिकाणांसाठीच ती वापरावी असे सुचवले गेले. मात्र प्रत्येक टॅबची स्वतंत्र परतवाट जपण्याची तयार सोय अँड्रॉइडच्या अधिकृत नेव्हिगेशन संचात जानेवारी २०२२ मध्ये, २.४ या आवृत्तीत आली. तोपर्यंत ती हवी असल्यास विकासकाला ती स्वतः घडवावी लागे. वऱ्हाडातील खेड्यांत प्रामुख्याने अँड्रॉइडचेच हँडसेट आहेत, हे येथे ध्यानात घ्यावे लागते.

३. संयुक्त वाक्य व मिश्र वाक्य

पडद्यांच्या मांडणीचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिला टॅबचा, दुसरा टप्प्यांचा. मराठी व्याकरणातील वाक्यविचार येथे उपयोगी पडतो. संयुक्त वाक्यात दोन प्रधान वाक्ये समान दर्जाने शेजारी येतात. मिश्र वाक्यात एक वाक्य दुसऱ्यावर अवलंबून असते. टॅब हे संयुक्त वाक्य होय : हेही आहे, तेही आहे, कोठूनही प्रारंभ करा. टप्पा हे मिश्र वाक्य होय : जेव्हा हे होईल, तेव्हाच ते पूर्ण होईल.

‘पाऊस आला आणि पेरणी झाली’ व ‘पेरणी झाली, कारण पाऊस आला’ यांतील फरक आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. पहिल्यात दोन घटना केवळ शेजारी आहेत, दुसऱ्यात एकीवर दुसरी उभी आहे. अवलंबून असलेल्या दोन क्रिया पडद्यावर समान दर्जाने शेजारी ठेवल्या, तर वाचकाला त्यांतील कार्यकारणाचा दुवा दिसतच नाही. मोबाइल ॲपमधील मांडणीचा सर्वांत सार्वत्रिक दोष हाच आहे, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

४. ‘ई-पीक पाहणी’ची रचना

सातबारा म्हणजे वस्तुतः दोन नमुने. गाव नमुना ७ हा अधिकार अभिलेख आणि गाव नमुना १२ ही पिकांची नोंदवही. ‘पेरेपत्रक’ हा जुना शब्द वऱ्हाडात परिचित आहे. ही पिकांची नोंद परंपरेने तलाठी, म्हणजे आपल्या बोलीतील पटवारी, करीत असे. टाटा ट्रस्टच्या सहकार्याने विकसित झालेले ‘ई-पीक पाहणी’ हे ॲप १५ ऑगस्ट २०२१ रोजी राज्यभर लागू झाले आणि लेखणी प्रथमच खातेदाराच्या हाती आली. ‘माझी शेती, माझा सातबारा, मीच नोंदवणार माझा पीकपेरा’ या घोषवाक्यातील ‘मी’ हा सर्वनामाचा प्रयोग अर्थपूर्ण आहे. नोंदीचा कर्ता बदलला, असे ते जाहीर करते. पीक विमा, हमीभावाने खरेदी, अतिवृष्टीची मदत या सर्व ठिकाणी ही नोंद विचारली जाते. त्यामुळे पडद्यांची मांडणी या ‘मी’ला कितपत पेलते, हा प्रश्न गंभीर ठरतो.

ॲपच्या पहिल्या आवृत्तीत महसूल विभाग, जिल्हा, तालुका, गाव अशी निवड करीत खातेदारापर्यंत पोहोचावे लागे. हा भाग टप्प्यांचा असून तो तसाच असणे योग्य आहे. अमरावती विभाग निवडल्याशिवाय अकोला जिल्हा समोर येण्याचे कारण नाही. त्यानंतर मुख्य पडद्यावर पीक, कायम पड, बांधावरची झाडे, अपलोड अशी दालने येत. काटेकोर अर्थाने ही टॅबची पट्टी नव्हे; पण समान आकाराची, समान दर्जाची आणि हव्या त्या क्रमाने उघडता येणारी दालने वाचकाच्या मनात टॅबचाच संकेत जागा करतात.

पीक, पड व झाडे हे तिन्ही विषय खरोखरच समांतर आहेत. त्यांचे संयुक्त वाक्य शोभते. ‘अपलोड’ मात्र त्यांच्या पंक्तीतले नाही. शेतात नेटवर्क नसले तरी नोंद करून ठेवता यावी व नंतर ती पाठवता यावी, हा त्यामागील हेतू निश्चितच स्तुत्य होता. परंतु ज्या क्रियेशिवाय आधीच्या तिन्ही क्रियांना शासनदरबारी अस्तित्व नाही, ती क्रिया चौथे भावंड म्हणून उभी केली गेली. ‘नोंदवणे’ या क्रियापदाचा अर्थ पटवाऱ्याच्या वहीत एकच होता : लिहिले की झाले. ॲपमध्ये त्या क्रियापदाचे दोन तुकडे झाले, लिहिणे व पाठवणे. आणि मांडणीने त्यांतील ‘तेव्हाच’ हा शब्द गाळला.

वऱ्हाडातील पीकपद्धतीने हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. कपाशीच्या काही तासांनंतर तुरीचे एक तास ही येथील सर्वपरिचित पेरणी. ती नोंदवताना मुख्य पीक, दुय्यम पीक व प्रत्येकाचे क्षेत्र वेगवेगळे द्यावे लागते. शेतकरी एकर आणि तासांच्या भाषेत विचार करतो. सातबारा हेक्टर आणि आर मागतो. एक एकर म्हणजे सुमारे ४० आर, हा हिशेब करण्यासाठी तो ॲपबाहेर पडतो, गणकयंत्र उघडतो, घरी फोन करतो आणि परततो. वाचन खंडित होणे हा येथे अपवाद नसून नियम आहे.

५. अवस्था आणि परतवाट

वोल्फगांग इझर यांनी मांडलेली अभिप्रेत वाचकाची संकल्पना येथे लावून पाहता येईल. प्रत्येक संहिता आपल्या रचनेतून एक वाचक गृहीत धरते. बहुतेक ॲपचा अभिप्रेत वाचक टेबलाशी बसलेला, अखंड नेटवर्क असलेला व एका बैठकीत काम संपवणारा असतो. प्रत्यक्ष वाचक खारपाणपट्ट्यातील काळ्या मातीत उभा असतो.

या दोघांतील अंतर भरून काढण्याचे साधन म्हणजे अवस्था जपणे. पडद्यावर काय निवडले, काय टाइप केले, कोठपर्यंत आलो होतो, या सर्वांस मिळून ‘अवस्था’ म्हणता येईल. अँड्रॉइडमध्ये मागे गेलेले ॲप स्मृती अपुरी पडल्यास प्रणाली बंद करू शकते. पिकाचे छायाचित्र घेण्यासाठी कॅमेरा उघडला, की कमी क्षमतेच्या हँडसेटवर हा प्रसंग नेमका ओढवू शकतो. विकासकाने अवस्था वेळीच साठवली असेल, तर वापरणाऱ्यास काहीच कळत नाही. साठवली नसेल, तर फोटो निघतो आणि अर्ज पुसला जातो.

सामान्य वाचकाची याबाबतची अपेक्षा कोठून तयार झाली, हेही पाहिले पाहिजे. ती व्हॉट्सॲपने घडवली आहे. अर्धवट लिहिलेला निरोप सोडून दुसऱ्या संभाषणात गेले, तरी तो ‘ड्राफ्ट’ म्हणून तेथेच राहतो. लिहिलेले आपोआप नाहीसे होत नाही, हा संस्कार खेड्यापाड्यांत या एका ॲपने रुजवला. दुसरे ॲप तो मोडते, तेव्हा ‘लोकांना वापरता येत नाही’ असे म्हणणे अन्यायाचे ठरते. लोकांनी आधीचा संकेत नीट आत्मसात केलेला असतो.

परतवाटेचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. अँड्रॉइडच्या रचनाविचारात ‘मागे’ आणि ‘वर’ असा भेद केला जातो. ‘मागे’ म्हणजे कालक्रमाने आधीचा पडदा. ‘वर’ म्हणजे रचनेतील वरच्या पायरीचा पडदा. एक प्रवाशाची भाषा आहे, दुसरी कचेरीची. मराठीत ‘मागे’ हा शब्द स्थळ व काळ दोन्ही दर्शवतो. म्हणून मराठी वाचक त्या बाणाकडून स्वाभाविकपणे ‘जिथून आलो तिथे’ असाच अर्थ घेतो. बाणाने त्याला थेट मुख्य पडद्यावर नेले, तर ती त्याची चूक नव्हे. एकाच चिन्हाखाली दोन अर्थ कोंबल्याचा तो परिणाम होय. हातवाऱ्यांचेही तसेच. अँड्रॉइड १० मध्ये, २०१९ साली, पडद्याच्या कडेवरून बोट आत सरकवणे म्हणजे ‘मागे’ हा संकेत आला. ज्या ॲपमध्ये आरंभीचे पडदे डावीकडे सरकवत पुढे जावे लागते, तेथे उजव्या कडेवरून बोट सुरू केल्यास ‘पुढे’ची आज्ञा ‘मागे’ म्हणून वाचली जाण्याचा संभव असतो.

६. काही आक्षेप

खरी अडचण नेटवर्कची व सर्व्हरची आहे, पडद्यांची मांडणी हा दुय्यम प्रश्न आहे, असा आक्षेप घेतला जाईल. त्यात तथ्य आहे. परंतु नेटवर्क बेभरवशाचे आहे म्हणूनच अवस्था जपणे अधिक निकडीचे ठरते.

दुसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे. सर्वच अवस्था जपल्यास नवा धोका संभवतो. या ॲपमध्ये एका मोबाइलवरून २० खातेदारांची नोंदणी करण्याची मुभा दिली गेली. प्रत्यक्षात गावातील एखादा शिकलेला मुलगा किंवा मुलगी, म्हणजे बहुधा आपलाच विद्यार्थी, शेजाऱ्यांच्याही नोंदी करतो. एका खात्याचे पीक दुसऱ्या खात्याच्या पडद्यावर तसेच राहिले, तर स्मरण हाच दोष होईल. म्हणून स्मरणाला मर्यादा हवी : टॅब बदलला तरी अवस्था राहावी, खाते बदलले की त्या खात्याची स्वतंत्र अवस्था उघडावी आणि नाव सतत डोळ्यांसमोर असावे.

येथे श्रेयही दिले पाहिजे. हे ॲप प्रारंभापासून मराठीत आहे. ऑगस्ट २०२२ मधील दुसऱ्या आवृत्तीत स्वतः केलेली नोंद ४८ तासांत एकदा दुरुस्त करण्याची सोय आली. समीक्षेच्या भाषेत ही परतवाटच होय. चुकण्याचा अधिकार त्यात मान्य केला गेला. २०२४ च्या रब्बी हंगामापासून केंद्राच्या डिजिटल पीक सर्वेक्षणाशी जोडलेली आवृत्ती राज्यात आली. रचना बदलत राहणार. तिचे मूल्यमापन करण्याचे निकष मात्र स्थिर असावयास हवेत.

७. निष्कर्ष

१) समांतर विषयांसाठी टॅब व परस्परावलंबी क्रियांसाठी टप्पे, हा भेद मांडणीत स्पष्ट दिसला पाहिजे.

२) काम पूर्ण करणारी अखेरची क्रिया इतर दालनांच्या रांगेत न ठेवता प्रत्येक नोंदीच्या शेवटी यावी, ती बाकी असल्यास पडद्याने तसे सांगत राहावे.

३) टॅब बदलणे, फोन येणे, कॅमेरा उघडणे यांपैकी कशानेही भरलेली माहिती नाहीशी होऊ नये.

४) ‘मागे’ या चिन्हाचा अर्थ संपूर्ण ॲपमध्ये एकच असावा.

५) खातेदारनिहाय अवस्था स्वतंत्र ठेवावी.

या पाचही कसोट्या तांत्रिक दिसत असल्या, तरी त्या लावून पाहण्यासाठी तंत्रज्ञ असण्याची गरज नाही. वाक्याची रचना पाहून अर्थाचा दुवा कोठे तुटला, हे ओळखण्याचे काम भाषेच्या वर्गात नित्य चालते. आपल्या महाविद्यालयांतील संगणक विभाग व मराठी विभाग यांनी असे एखादे शासकीय ॲप विद्यार्थ्यांसह एकत्र बसून वाचले, तर दोन्ही विषयांचे शिक्षण होईल. खातेदाराच्या हाती लेखणी देणे हे मोठे पाऊल होते. त्याने लिहिलेले त्याच्या परत येण्यापर्यंत टिकणे, ही त्या पावलाची पुढची अट आहे.