ॲनोटेशन : टीप की आज्ञा?

जावा भाषेत २००४ साली, पाचव्या आवृत्तीबरोबर, ॲनोटेशनची सोय झाली. ॲनोटेशन म्हणजे क्लासला, मेथडला किंवा अन्य घटकाला जोडलेली, यंत्राला वाचता येणारी टीप. २००६ सालच्या 'जेएसआर २५०' या विनिर्देशाने 'रोल्सअलाउड', 'परमिटऑल' व 'डिनायऑल' ही ॲनोटेशने रूढ केली. वेब सर्व्हरकडे आलेल्या विनंतीस उत्तर देणाऱ्या हँडलरवर 'रोल्सअलाउड' लिहून भूमिकेचे नाव दिले, की त्या भूमिकेच्या वापरकर्त्यासच प्रवेश मिळावा, हा त्यामागील हेतू.

या योजनेचा गुण उघड आहे. 'वेब.एक्सएमएल' या स्वतंत्र फाइलीत नियम लिहिण्याच्या जुन्या पद्धतीत, हँडलरचा पत्ता बदलला व फाइल तशीच राहिली, तर नियम भलतीकडेच लागू होई. ॲनोटेशनमुळे नियम आणि त्याचा विषय एकत्र नांदतात. शिवाय क्लासवरील सामान्य नियमापेक्षा मेथडवरील विशेष नियम प्रबळ ठरतो. संस्कृत व्याकरणातील उत्सर्ग-अपवादाचीच ही व्यवस्था होय.

तथापि ॲनोटेशनचे रूप आज्ञेचे असले, तरी सामर्थ्य टिपेचेच असते. अनुकूल परिस्थिती नसेल तर कृतिरूप उच्चार निष्फळ ठरतो, हे जे. एल. ऑस्टिन यांचे प्रतिपादन येथे तंतोतंत लागू पडते. 'जर्सी' या चौकटीत 'रोल्सअलाउडडायनॅमिकफीचर' नोंदवलेले नसेल, तर 'रोल्सअलाउड' लिहूनही तपासणी होत नाही आणि चूकही दाखवली जात नाही. 'स्प्रिंग'मध्ये ही तपासणी सामान्यतः प्रॉक्सीच्या द्वारे होते. म्हणून एका मेथडने त्याच ऑब्जेक्टमधील दुसरीस थेट पाचारण केले, तर दुसरीवरील ॲनोटेशन वाचलेच जात नाही. आज्ञा कागदावर राहते आणि दार उघडेच राहते.

याहून गंभीर प्रश्न मौनाचा आहे. ॲनोटेशन लिहावयाचे राहून गेले, तर त्या मौनाचा अर्थ बहुधा 'परवानगी' असा घेतला जातो. २००९ च्या 'सर्व्हलेट ३.०' मध्ये 'एचटीटीपीकन्स्ट्रेंट'ला भूमिका न दिल्यास गृहीत अर्थ 'परमिट' हाच आहे. २०१३ च्या ३.१ आवृत्तीत नियमातून निसटलेल्या एचटीटीपी पद्धतींना नकार देण्याची सोय आली खरी. पण ती मागितली तरच मिळते.

विसरणे हा मनुष्यधर्म आहे. म्हणून विसरण्याचे फळ नकार असावे, प्रवेश नव्हे. मौन म्हणजे नकार हा उत्सर्ग मानावा, आणि खुला ठेवावयाचा प्रत्येक हँडलर 'परमिटऑल' या स्पष्ट अपवादाने दर्शवावा. अनधिकृत भूमिकेच्या विनंतीस ४०३ हे उत्तर येते की नाही, हे चाचणीने सिद्ध झाल्यावरच टिपेला आज्ञा म्हणणे योग्य ठरेल.