बेकर-वेंकटरामन : नावापलीकडे काय?

के. वेंकटरामन यांच्याविषयी लिहिताना बहुधा पदांचीच जंत्री होते : १९३८ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाचे पहिले भारतीय संचालक, १९५७ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक. वर्गातही ‘बेकर-वेंकटरामन पुनर्रचना’ हे नाव आणि एक बाण एवढेच उरते. ही उणीव आम्हांला खटकते.

बेकर यांनी १९३३ मध्ये इंग्लंडात आणि महल व वेंकटरामन यांनी १९३४ मध्ये लाहोरहून ही अभिक्रिया मांडली. आम्लारी कीटोनशेजारच्या कार्बनवरील हायड्रोजन काढून घेते. तो कार्बन एस्टर गटावर चाल करतो आणि ॲसिल गट ऑक्सिजनवरून कार्बनवर येतो. पुढे आम्लाने फ्लेवोनचे वलय पुरे होते. कांद्याच्या सालीतला पिवळा रंग याच कुळातला.

पण गट त्याच रेणूत सरकला, की दुसऱ्या रेणूतून आला? दोन वेगळे एस्टर एकत्र घ्यावेत. अदलाबदल झालेली संयुगे मिळाली, तर गट रेणूबाहेर गेला. न मिळाली, तर आतल्या आत सरकला. हा विचार परंड्याच्या वर्गातही खडू-फळ्यावर करता येतो. परीक्षेला नाव पुरते; रसायनशास्त्र मात्र या प्रश्नापासून सुरू होते.