अंगीकृत रुग्णालय: पडताळणी एकदा, भरवसा रोज

आरोग्य विम्याचे कार्ड दाखवले की काही रुग्णालयांत पैसे न भरता उपचार मिळतात. ही रुग्णालये योजनेच्या किंवा विमा कंपनीच्या यादीत असतात. त्यांना 'अंगीकृत' किंवा 'नेटवर्क' रुग्णालये म्हणतात. यादीत येण्यासाठी पात्रतेची पडताळणी होते, दर ठरतात आणि करार होतो. या पद्धतीकडे आपण एक माहिती-प्रणाली म्हणून पाहू आणि ती कुठे कमी पडते ते तपासू.

आधी जमेची बाजू. 2018 मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. रुग्णालय ऑनलाइन अर्ज करते, जिल्हा समिती प्रत्यक्ष पाहणी करते आणि राज्य समिती निर्णय देते. अर्ज करणारा, तपासणारा आणि मंजुरी देणारा असे तिघे वेगळे आहेत. आराखडा म्हणून ही रचना चांगली आहे.

अडचण अंमलबजावणीत आहे. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक (कॅग) यांचा या योजनेवरील अहवाल 2023 मध्ये संसदेत मांडला गेला. काही रुग्णालये निकष पूर्ण न करताच यादीत होती आणि काही ठिकाणी प्रत्यक्ष पाहणी झालेली नव्हती, असे त्यात नोंदवले आहे. त्याच अहवालानुसार सुमारे 7.5 लाख लाभार्थ्यांच्या नावापुढे 9999999999 हा एकच मोबाइल क्रमांक होता. दोन्ही बाबींचे मूळ एकच: रकाना भरला म्हणजे माहिती तपासली, असे धरले गेले.

दुसरी उणीव अधिक खोल आहे. पडताळणी होते ती रुग्णालयाची आणि तीही एका दिवसाची. खाटा जागेवर राहतात, डॉक्टर मात्र नोकरी बदलतात. हृदयशल्यचिकित्सक गेल्या महिन्यात सोडून गेला असेल, तरी यादीत 'हृदयशस्त्रक्रिया उपलब्ध' ही ओळ तशीच राहू शकते. शिवाय तीच माहिती रुग्णालयाला अनेक ठिकाणी भरावी लागते: सरकारी योजनेच्या पोर्टलवर, विमा क्षेत्राच्या 'रोहिणी' नोंदवहीत, आयुष्मान भारत डिजिटल मिशनच्या नोंदवहीत आणि विमा कंपन्यांच्या अर्जांत. डेटाबेस शिकताना आपण म्हणतो की एक तथ्य एकाच जागी ठेवावे. इथे ते चार जागी आहे. एक नोंद बदलली तरी बाकीच्या जुन्याच राहू शकतात.

अमेरिकेत विमा कंपन्या प्रत्येक डॉक्टरचा परवाना आणि शिक्षण मूळ संस्थेकडून तपासून घेतात. तिथल्या प्रचलित मानकानुसार ही पडताळणी दर तीन वर्षांनी पुन्हा होते. पण ती पद्धतही निर्दोष नाही. नव्या डॉक्टरला यादीत यायला अनेकदा महिने लागतात आणि तोवर रुग्ण थांबतो. म्हणून ती जशीच्या तशी उचलू नये.

तुम्ही विचाराल, निकष कडक केले तर लहान गावातली रुग्णालये बाहेर पडणार नाहीत का? पडतील. म्हणूनच दार अरुंद करणे हा माझ्या मते उपाय नाही. जानेवारी 2024 मध्ये जनरल इन्शुरन्स कौन्सिलने यादीबाहेरच्या रुग्णालयांतही कॅशलेस सोय देण्याचा उपक्रम जाहीर केला, म्हणजे दार रुंदावतेच आहे. अशा वेळी माहिती ताजी असणे अधिक गरजेचे ठरते. रुग्णालय आणि डॉक्टर यांची सामायिक नोंदवही असावी, इतर सर्वांनी तिच्यातूनच माहिती घ्यावी आणि प्रत्येक सुविधेपुढे शेवटच्या पडताळणीची तारीख दिसावी.

स्वाध्याय: रुग्णालय, डॉक्टर, सुविधा आणि पडताळणी या चार घटकांची संबंध-आकृती काढा. मग पाहा: एखादा डॉक्टर आज नोकरी सोडून गेला, तर तुमच्या आकृतीत ते कुठे आणि किती दिवसांत दिसेल? रात्री दोन वाजता रुग्णाला घेऊन निघालेले नातेवाईक त्याच उत्तरावर विसंबून असतात.