रस्ता एका कार्डावर, माणूस दुसऱ्या कार्डावर : जुन्या मुंबईच्या पिक्चर पोस्टकार्डांविषयी

जुन्या मुंबईची छायाचित्रे आता सगळीकडे भेटतात. कॅलेंडरवर, उपाहारगृहांच्या भिंतींवर, मोबाइलवर. त्यांवरची प्रतिक्रियाही ठरलेली असते : काय मोकळे, किती स्वच्छ शहर होते! गेली बरीच वर्षे मी ही कार्डे जमवतो आहे. कोणत्या विद्यापीठाचा आधार नाही. कार्डे शेजारी शेजारी मांडायची, मजकूर उलगडायचा, तारखा जुळवायच्या, एवढीच माझी पद्धत. तिच्यातून एक मत तयार झाले आहे. शहर मोकळे होते, हे या कार्डांवरून सिद्ध होत नाही. ती तयार करणाऱ्यांनी शहर आणि त्यात राहणारी माणसे वेगळी काढली होती, हे मात्र त्यांवरून नक्की कळते.

मुंबईच्या पिक्चर पोस्टकार्डांचा बहर साधारण १९०० ते पहिल्या महायुद्धापर्यंतचा. मुंबईतल्या क्लिफ्टन आणि फोटोटाइप या कंपन्यांची, लंडनच्या टक कंपनीची कार्डे या काळात खपत होती. कोणताही संग्रह घ्या, त्याचे दोन गठ्ठे आपोआप पडतात. पहिल्यात व्हिक्टोरिया टर्मिनस, राजाबाई टॉवर, क्रॉफर्ड मार्केट, फ्लोरा फाउंटन, काळा घोडा. इथली माणसे मुंगीएवढी. इमारतीची उंची कळावी इतक्यापुरती. दुसऱ्यात धोबी, भिस्ती, कोळीण, पारशी कुटुंब, 'मराठा स्त्री'. इथे माणूस मोठा, पण मागे स्टुडिओचा पडदा किंवा कोरी भिंत. पहिल्या गठ्ठ्यातल्या वास्तूला नाव आणि पत्ता आहे. दुसऱ्यातल्या माणसाला जात किंवा धंदा आहे. नाव नाही, पत्ताही नाही.

ही विभागणी कार्डांच्याही आधीची आहे. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली. तिच्या आरंभीच्या मंडळींपैकी विल्यम जॉन्सन याने मुंबईतल्या 'जाती-जमातीं'वर दोन खंड काढले, १८६३ आणि १८६६ साली. त्यातली बरीच चित्रे जोडकामाची आहेत. माणसांचे छायाचित्र वेगळे, मुंबईच्या एखाद्या जागेचे वेगळे. दोन्ही एकत्र करून एक पान तयार केलेले. काही पानांवर हा जोड सहज लक्षात येतो : माणसे त्या जमिनीवर उभी आहेत असे वाटतच नाही. मला हे जोडकाम पुढच्या कार्डांपेक्षा प्रामाणिक वाटते. तिथे निदान सांधा दिसतो. चाळीस वर्षांनी आलेल्या कार्डांनी सांध्याची गरजच ठेवली नाही. दोन तुकडे दोन वेगळ्या वस्तू म्हणून विकले.

यावर एक आक्षेप रास्त आहे. त्या काळी काचेवर ओले रसायन लावून चित्र घेत. प्रकाश काही सेकंद आत घ्यावा लागे, आणि तेवढ्यात चालता माणूस पुसट होई किंवा नाहीसाच होई. १८६० च्या सुमाराच्या निर्मनुष्य रस्त्यांना हे कारण लागू पडते. पण शतक संपताना कोरड्या काचा आणि वेगवान झडपा आल्या होत्या. गर्दी टिपणे शक्य होते. ते होतही होते, फक्त वेगळ्या कामासाठी.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. त्यानंतरच्या महिन्यांतली, कॅप्टन मॉस याच्या नावावर असलेली छायाचित्रे आज उपलब्ध आहेत. घरांत पाण्याचे फवारे मारणारा बंब, तपासणी पथके, तात्पुरती इस्पितळे, त्यांतल्या खाटा आणि नातेवाईक. कार्डांवर कधी न आलेली मुंबई इथे आहे : अरुंद गल्ल्या, लाकडी सज्जे, घराबाहेर उभी केलेली माणसे. म्हणजे माणूस आणि त्याचे घर एकाच चौकटीत यायला साथ यावी लागली, आणि कॅमेरा सरकारी माणसाच्या हाती असावा लागला. या चौकटीतली माणसे आपणहून उभी राहिलेली नाहीत, हे त्यांच्या चेहऱ्यांवर वाचता येते. प्लेगनंतर, १८९८ मध्ये, इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. दाट वस्त्या पाडून त्याने प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले. तेच रस्ते पुढे कार्डांवर झळकले. 'किती मोकळे शहर' असे आपण त्यांच्याकडे पाहून म्हणतो, तेव्हा तो मोकळेपणा कोणाच्या घरांच्या जागेवर उभा आहे, हे कार्ड सांगत नाही. प्लेगचे चित्र शेजारी ठेवले तरच ते कळते.

शहराबाहेरच्या मुलखाचीही हीच गत. घारापुरी, कार्ले, १९०७ ची माथेरानची छोटी रेल्वे, आणि १८६३ मध्ये खुल्या झालेल्या बोरघाटातले रिव्हर्सिंग स्टेशन, हे विषय पुन्हा पुन्हा येतात. घाटाच्या कार्डांवर कमानी आणि बोगदे आहेत. ते खोदताना पटकीने आणि अपघातांत मेलेल्या हजारो मजुरांचा मागमूस नाही. आणि कोकण? गिरण्यांत राबणाऱ्यांचा फार मोठा हिस्सा रत्नागिरी जिल्ह्यातून येत होता. पण तो जिल्हा या बाजाराच्या नकाशावर जवळजवळ नाही. पर्यटक जिथे जातो तेवढाच मुलूख.

गिरणीतला माणूसही पोस्टकार्ड पाठवत होता. १८७९ मध्ये सरकारने पाव आण्याचे, म्हणजे एका पैशाचे कार्ड काढले होते. त्यावर चित्र नव्हते. पिक्चर पोस्टकार्डावर मुंबई होती, पण ती बहुधा परक्या मुलखाच्या पत्त्यावर जाई. पैशाच्या कार्डावर मुंबईत राहणाऱ्याची खबरबात होती आणि ते गावी जाई. संग्राहकांनी पहिले जपले. दुसऱ्याची घरोघरच्या तारांना टोचून अखेर रद्दी झाली.

कॅमेरा आपल्या माणसांच्या हाती आल्यावर काय झाले? एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५ साली छायाचित्रणाचा वर्ग निघाला. त्यात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे व्यावसायिक छायाचित्रकार झाले. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी सोसायटीच्या कामात होते. तरी 'नमुना' दाखवण्याचा साचा मोडला नाही. मागणीच त्याची होती. चित्रकार म. वि. धुरंधर यांची कार्डे मला थोडी वेगळी वाटतात. त्यांच्या स्त्रियांना मनःस्थिती आहे, नखरा आहे, पाहणाऱ्याला उलट पाहण्याची हिंमत आहे. पण बाजारात तीही 'मोलकरीण' या शिक्क्यानेच गेली. कलावंताची नजर बदलली, मथळा बदलला नाही.

म्हणून आज ही चित्रे पुन्हा छापणाऱ्यांकडे काही साधी मागणी आहे. कार्डाची मागची बाजूही छापावी. पाठवणारा कोण, ते कुठे गेले, हे तिथेच असते. प्रकाशकाचे नाव आणि मूळ मथळा कापू नये. रंगीत कार्डाखाली रंग मागाहून भरले आहेत हे सांगावे. यांतली कितीतरी कार्डे जर्मनीत छापली गेली आणि एकाच छायाचित्रातले लुगडे एका छपाईत लाल, दुसऱ्या छपाईत हिरवे आढळते. जुन्या पोशाखांचा पुरावा म्हणून ते रंग वापरणे धोक्याचे. आणि कोळणीच्या चित्राखाली आपण आपल्या हाताने पुन्हा 'एक कोळीण' असे लिहू नये. मूळ मथळा अवतरणात द्यावा, आणि त्याखाली लिहावे : नाव नोंदवलेले नाही.