शिंपल्याचें वाचन

चेझारे एमिलिआनी यांचा प्लाइस्टोसीन काळांतील तपमानांवरील निबंध १९५५ सालीं प्रसिद्ध झाला. अशा शास्त्रीय लेखाचें परीक्षण वाङ्मयाच्या मासिकांत कशाला, असें कोणी विचारील. आमचें उत्तर एवढेंच कीं, पुराव्याचा अर्थ लावण्याची कला दोहींकडे एकच आहे, आणि ती कोठें घसरते हें येथें स्वच्छ दिसतें.

प्रथम विषय समजून घेऊं. प्राणवायूच्या अणूंत सुमारें पांचशेंत एक अठरा भाराचा, म्हणजे जड असतो. बाकीचे बहुतेक सोळा भाराचे. समुद्राच्या पाण्याची वाफ होतांना हलका अणु अधिक सहज उडतो, व पाऊस पडतांना जड अणु आधीं खालीं येतो. म्हणून ध्रुवाकडे पोंचणारें हिम हलकें असतें. सजीवांचीही अशीच निवड आहे. श्वसनांत ते हलका प्राणवायु अधिक वेंचतात व जड मागें ठेवतात. मुख्यतः यामुळें हवेंतील प्राणवायूंत जड अणूंचें प्रमाण समुद्रजलापेक्षां हजारीं सुमारें चोवीस अंशांनीं अधिक आहे. आतां समुद्रांतील सूक्ष्म जीव चुन्याचें कवच घडवितात, तेव्हां पाणी जितकें थंड तितका जड अणु कवचांत अधिक जातो. प्राचीन समुद्राचें तपमान यावरून मोजतां येईल, ही कल्पना हॅरल्ड यूरे यांची.

यूरे यांच्या शिकागो येथील प्रयोगशाळेंत एमिलिआनींनीं खोल समुद्रांतील गाळांत सांपडलेलीं कवचें तपासलीं. हिमयुगें चारच, या रूढ मतास त्यांनीं जबर धक्का दिला. उष्ण व थंड अवस्थांस दिलेले त्यांचे क्रमांक अद्यापि वापरांत आहेत. परंतु कवचांतील फरक त्यांनीं मुख्यतः तपमानाचा मानला. हिमाचा वाटा त्यांनीं विचारांत घेतला, पण हिम प्रत्यक्षांत होतें त्याहून कमी हलकें धरल्यानें तो वाटा फार लहान ठरला.

निकोलस शॅकलटन यांनीं १९६७ सालीं या अर्थास हरकत घेतली. समुद्रतळाचें पाणी आजच गोठण्याच्या जवळ आहे. तें आणखी कितीसें थंड होणार? तरीही तळच्या कवचांत जवळजवळ तेवढाच फरक आढळतो. तेव्हां पुष्कळसा फरक पाण्याचाच होय: हलकें पाणी हिम होऊन जमिनीवर अडकलें, आणि उरलेला समुद्र जड झाला.

या टीकेचें मोठेपण आम्हांस असें वाटतें कीं, तिनें एमिलिआनींची एकही मोजणी फेंकली नाहीं. रेषा तीच राहिली. तिचा अर्थ बदलला. एमिलिआनींचा दोष उतावळेपणाचा नव्हे. ज्या पाण्यांत जीव वाढला तें पाणीच किती बदललें असेल, याचा अंदाज त्यांस कमी पडला.

हा दोष आमच्या परिचयाचा आहे. कवितेंतील खिन्न ओळ दिसली कीं कवीच्या मनाचें तपमान उतरलें, असें आम्हीं वर्गांत कित्येक वर्षें सांगितलें. त्या काळाचा सारा समुद्रच जड झाला असेल, हें आम्हीं क्वचितच विचारलें. ज्यांनीं आमचीं टिपणें उतरून घेतलीं, त्यांनीं ओळी तशाच ठेवाव्या, व अर्थ मात्र पुन्हा तपासावा.