टोपणनावाची कीर्ती

खेळाडूला टोपणनाव देण्याची हौस आपल्या वृत्तपत्रांना पहिल्यापासूनच फार. आता तर मोबाइलच्या पडद्यावर असे नाव एका संध्याकाळी गावोगाव पोहोचते. आमच्या नाशिक जिल्ह्यातील धावपटू कविता राऊत यांना चिकटलेले 'सावरपाडा एक्स्प्रेस' हे नाव त्यांपैकीच. साहित्याच्या पानांत ही चर्चा कशाला, असे कोणी विचारील. पण टोपणनाव म्हणजे दोन शब्दांत लिहिलेले चरित्र. आणि चरित्र फसले असेल तर टीकाकाराने तसे म्हणायला नको काय?

उपमा उसनी आहे हे तर उघडच. पी. टी. उषा यांना 'पय्योळी एक्स्प्रेस' म्हणत. पय्योळीला निदान रेल्वे स्टेशन आहे! सावरपाडा पडला हरसूलच्या बाजूला, त्र्यंबक तालुक्यात. तिथे रूळ कुठले? पण हा दोष लहान. मोठा दोष असा, की एक्स्प्रेस आखलेल्या मार्गावरून, दुसऱ्याने दाखवलेल्या झेंड्याने धावते. दहा हजार मीटर धावणाऱ्याला २५ फेऱ्यांचा हिशेब स्वतःच ठेवावा लागतो: दम कुठे राखायचा, कुठे उधळायचा.

२०१० सालचेच पाहा. ऑक्टोबरात दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कविताबाईंना कांस्यपदक मिळाले. वेळ ३३ मिनिटे ५ सेकंद. नोव्हेंबरात चीनमधील ग्वांगझौ येथे आशियाई स्पर्धेत त्यांनी तेच अंतर ३१ मिनिटे ५१ सेकंदांत कापले आणि रौप्य मिळवले. सुवर्ण जिंकणारी प्रीजा श्रीधरन त्यांच्यापुढे एक सेकंदही नव्हती. दीड महिन्यात जवळजवळ सव्वा मिनिट कमी झाले! कादंबरीकाराच्या तोंडाला पाणी सुटावे असा हा मजकूर. पण पडद्यावर फिरते ते काय? अनवाणी डोंगर तुडवून पाणी आणणारी पोर, आणि मग एकदम गळ्यात पदक. मधली वर्षे, नाशिकचा सराव, प्रशिक्षक विजेंद्र सिंह, सारे गळालेले. गरिबी सांगितली की आपण कष्ट सांगितले, अशी आपली सोयीची समजूत आहे.

जपानच्या काझुयोशी मिउराचीही अशीच जगभर बोलबाला झालेली मूर्ती आहे. जन्म १९६७चा, पंधराव्या वर्षी फुटबॉलसाठी ब्राझील गाठले, आणि पंचावन्नी उलटल्यावरही गडी व्यावसायिक मैदानात होता. त्याला 'किंग काझू' म्हणतात. पण १९९८ साली जपान पहिल्यांदा विश्वचषकाला गेला तेव्हा या राजाला संघातून वगळले होते, ही गोष्टही त्याच्या चाहत्यांना पाठ असते. पराभव पोटात घेऊन वाढलेली ही कीर्ती मला अधिक सकस वाटते. आपल्याकडे २०१६ची रिओतील मॅरेथॉन किती जणांना ठाऊक आहे? कविताबाई तिथे १२०व्या आल्या, पण ४२ किलोमीटरांची ती धाव त्यांनी पुरी केली. एक्स्प्रेसला एकशेविसावा क्रमांक शोभत नाही. म्हणून तो सांगायचा नाही!

याचा तोटा कविताबाईंना नाही, पाड्यांवरून आमच्या शाळांत येणाऱ्या मुलींना आहे. त्यांना वाटते, ती जन्मतःच तशी होती. गेल्या वर्षी एकीने मात्र विचारले, "सर, पंचवीस फेऱ्या मोजतं कोण?" इतकी वर्षे तो मजकूर वाचूनही तिला हे कोणी सांगितले नव्हते. मी सांगितले, पंच मोजतात; आणि शेवटच्या फेरीला घंटा वाजते.